एका राज्यात जिंकले, दुसऱ्या राज्यात राहतो: कर कोणाला आणि कसा भरावा?

पुण्याचा माणूस पणजीच्या कॅसिनोत पैसे जिंकून घरी परतला, तर त्यावरचा आयकर गोवा सरकारला द्यावा की महाराष्ट्र सरकारला, हा प्रश्न त्याला कधी पडत नाही. भारतात शेतीखेरीज इतर उत्पन्नावरचा आयकर हा केंद्राचा विषय आहे. सोडत, शर्यत किंवा पत्ते यांतून मिळालेल्या पैशांवर ३० टक्के कर व वर अधिभार-उपकर आकारला जातो, हरलेल्या पैशांची वजावट मिळत नाही आणि विषय तिथेच मिटतो. महाराष्ट्रातल्या पगारदाराकडून राज्याला थेट जातो तो वर्षाला फार तर २,५०० रुपयांचा व्यवसाय कर. हीच सवय घेऊन आपण अमेरिकेत येतो आणि पहिल्याच कॅसिनो-सहलीनंतर अडखळतो, कारण इथे बहुतेक राज्यांचा स्वतःचा आयकर असतो आणि जिंकलेल्या एकाच डॉलरवर दोन राज्ये हक्क सांगू शकतात.

सगळ्या राज्यांचे नियम एका लेखात मावणार नाहीत. म्हणून इथे एकच जोडी सविस्तर घेतली आहे: राहणे न्यू जर्सीत आणि जिंकणे पेनसिल्व्हेनियात. एडिसन-आयझेलिनच्या परिसरात मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि तिथून महामार्ग ७८ धरला की तासाभरात बेथलहेमचा कॅसिनो येतो, त्यामुळे हे उदाहरण पुष्कळांच्या ओळखीचे असेल. ही एक जोडी नीट समजली की इतर राज्यांचे नियम वाचताना कुठे पाहायचे ते कळते. रक्कम लाखाच्या घरात असेल, तर मात्र दोन्ही राज्यांची विवरणपत्रे नेहमी भरणाऱ्या सीपीएला, म्हणजे परवानाधारक हिशेबनिसाला, गाठावे. त्याची फी वसूल होते.

आधी दावेदार ओळखावेत

पहिला दावेदार केंद्र सरकार. जुगारातील प्रत्येक डॉलर केंद्रीय उत्पन्नात धरावा लागतो, मग त्याचा कागद मिळालेला असो वा नसो. दुसरा दावेदार ते राज्य, जिथे पैज लागली. आपण तिथे राहत नसलो, तरी उत्पन्न त्या राज्याच्या हद्दीत निर्माण झाले, म्हणून अनिवासी या नात्याने त्यावर कर मागण्याचा अधिकार त्या राज्याला असतो. तिसरा दावेदार आपले राहते राज्य. ते आपल्या निवासींच्या सगळ्या उत्पन्नावर कर आकारते, मग ते जगात कुठेही मिळालेले असो.

दोन राज्यांनी एकाच पैशावर पूर्ण कर घेतला तर अन्याय होईल, म्हणून राहते राज्य सहसा दुसऱ्या राज्याला भरलेल्या कराचे क्रेडिट देते. हे क्रेडिट म्हणजे उत्पन्नातून मिळणारी वजावट नव्हे. ते थेट करातून वजा होते, म्हणून त्याचे मोल अधिक आहे. राहत्या राज्याने असे क्रेडिट पूर्णपणे न दिल्याबद्दल मेरीलँडच्या एका दांपत्याने लढवलेला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१५ साली न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मेरीलँडची पद्धत घटनाबाह्य ठरवली. म्हणजे क्रेडिट ही राज्याने आपल्यावर केलेली मेहेरबानी नाही. मात्र ते आपोआपही मिळत नाही. योग्य तक्ता भरून मागावे लागते.

पहिली पायरी: कागद आणि वही

ठरावीक रकमेच्या वर जिंकल्यास कॅसिनो किंवा लॉटरी खाते आपल्याला डब्ल्यू-२जी हा कागद देते आणि त्याची प्रत सरकारकडे जाते. स्लॉट मशीनसाठी ही मर्यादा कित्येक वर्षे १,२०० डॉलर होती. २०२५ च्या कायद्यानंतर, २०२६ पासून दिल्या जाणाऱ्या रकमांसाठी ती २,००० डॉलर झाली असून पुढे महागाईप्रमाणे वाढत जाणार आहे. या बदलाचा अर्थ पुष्कळजण चुकीचा लावतात. मर्यादा वाढली ती कॅसिनोने कागद देण्याची. १,५०० डॉलर जिंकल्यास ते उत्पन्न दाखवण्याची आपली जबाबदारी होती तशीच आहे.

कागद हाती आला की पेटी क्रमांक १ मधील रक्कम, पेटी २ मधील तारीख आणि पेटी ४ मधील कापलेला केंद्रीय कर पाहावा. त्यानंतर खालच्या भागात जावे, कारण आपल्या विषयाचा मजकूर तिथे आहे: पेटी १३ मध्ये राज्याचे नाव, १४ मध्ये त्या राज्यात जिंकलेली रक्कम आणि १५ मध्ये राज्याने कापलेला कर. स्लॉट मशीनवरच्या जॅकपॉटमधून नेहमीचा २४ टक्के केंद्रीय कर कापला जात नाही. सोशल सिक्युरिटी क्रमांक दिला असेल, तर पूर्ण रक्कम हातात येते. नवख्या माणसाला वाटते की कापले नाही म्हणजे लागत नाही. प्रत्यक्षात तो कर एप्रिलमध्ये स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, आणि तोवर जॅकपॉटचा सोफा झालेला असतो.

कागदापेक्षाही वही महत्त्वाची आहे. डब्ल्यू-२जीवर फक्त जिंकलेली रक्कम येते. त्याच दिवशी त्याच यंत्रात आपण किती घातले याचा त्यात पत्ता नसतो. म्हणून तारीख, ठिकाण, खेळाचा प्रकार, सोबत कोण होते, किती लावले आणि किती आले, हे प्रत्येक वेळी लिहून ठेवावे. केंद्रीय महसूल खात्यालाही अशीच रोजनिशी अपेक्षित आहे. कॅसिनोचे सदस्यत्व कार्ड वापरत असल्यास वर्षअखेरीस जिंकल्या-हरल्याचा गोषवारा मागता येतो. तो वहीला आधार म्हणून उपयोगी पडतो, वहीच्या जागी चालेलच असे नाही. दोन राज्यांत खेळत असल्यास वहीत राज्यवार पाने करावीत. ती पुढे का लागतात, ते तिसऱ्या पायरीत दिसेल.

दुसरी पायरी: जिथे जिंकले, त्या राज्याचे विवरणपत्र

इथे एका गैरसमजाला थोडी जागा द्यावी लागेल, कारण न्यू जर्सीतील सर्वांत जास्त चुका तिथूनच सुरू होतात. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया यांच्यात १९७७ पासून परस्पर करार आहे. त्यानुसार न्यू जर्सीत राहून फिलाडेल्फियात नोकरी करणारा माणूस कंपनीला आरईव्ही-४१९ हा अर्ज देतो आणि त्याच्या पगारातून पेनसिल्व्हेनियाचा राज्य आयकर कापला जात नाही. वर्षानुवर्षे पेनसिल्व्हेनियाचे विवरणपत्र न भरलेल्या माणसाने जॅकपॉटलाही तोच न्याय लावला, तर त्यात नवल नाही. पण हा करार केवळ नोकरीच्या मोबदल्यापुरता आहे. भाडे, धंद्यातील नफा, लॉटरी, कॅसिनो यांतले काहीही त्यात बसत नाही. इलिनॉय आणि विस्कॉन्सिन, किंवा इंडियाना आणि मिशिगन यांच्यातले करारही असेच पगारापुरते असतात. तेव्हा ‘आपल्या दोन राज्यांत करार आहे’ हे वाक्य ऐकले की पुढचा प्रश्न विचारावा: कोणत्या उत्पन्नाचा?

पेनसिल्व्हेनियाचे विवरणपत्र पीए-४० या नावाचे आहे आणि निवासी व अनिवासी दोघेही तेच भरतात; वरच्या भागात ‘अनिवासी’ अशी खूण करायची. जुगाराचे उत्पन्न त्याला जोडलेल्या शेड्यूल टीमध्ये मांडायचे आणि तिथून मुख्य पानावर आणायचे. पेनसिल्व्हेनियाचा दर सरसकट ३.०७ टक्के आहे; उत्पन्न कमी असो वा जास्त, दर बदलत नाही. जिंकलेल्या रकमेतून तिकिटांचा आणि पैजांचा खर्च वजा करता येतो, पण पेट्रोल, हॉटेल आणि बुफेचे जेवण वजा होत नाही. अनिवासी म्हणून आपण इथे फक्त पेनसिल्व्हेनियात लावलेल्या आणि जिंकलेल्या पैशांचा हिशेब मांडतो. न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीत हरलेले पैसे या कागदावर आणू नयेत. विवरणपत्र भरण्याची मर्यादा ऐकून हसू येईल: पेनसिल्व्हेनियात करपात्र उत्पन्न ३३ डॉलरच्या वर गेले की भरावे लागते, कारण तिथून कर एक डॉलरवर पोहोचतो.

आता उदाहरण घेऊ. आपण एडिसनमध्ये एकटे राहता, न्यू जर्सीतील नोकरीचा पगार ९०,००० डॉलर आहे आणि बेथलहेमला स्लॉट मशीनवर खर्च वजा जाता वर्षाचे निव्वळ ६,००० डॉलर जिंकलात. दुसरे उत्पन्न किंवा वजावटी काही नाहीत. पेनसिल्व्हेनियाचा कर झाला ६,००० च्या ३.०७ टक्के, म्हणजे १८४ डॉलर. तो भरावा आणि भरल्याची पावती व विवरणपत्राची प्रत जपून ठेवावी.

तिसरी पायरी: राहत्या राज्याचे विवरणपत्र आणि क्रेडिट

क्रम महत्त्वाचा आहे. अनिवासी विवरणपत्र पूर्ण झाल्याशिवाय निवासी विवरणपत्राला हात लावू नये, कारण क्रेडिटचा आकडा पहिल्यातून निघून दुसऱ्यात येतो. करभरणीच्या सॉफ्टवेअरमध्येही आधी अनिवासी राज्य निवडून ते संपवावे आणि मग राहत्या राज्याकडे वळावे. उलट केले तर क्रेडिटच्या रकान्यात शून्य येते, ते कोणाच्या लक्षात येत नाही आणि दुप्पट कर भरला जातो.

न्यू जर्सीच्या एनजे-१०४० या विवरणपत्रात निव्वळ जुगारी कमाईसाठी स्वतंत्र ओळ आहे. ‘निव्वळ’ हा शब्द इथे खरा आहे: त्याच वर्षात हरलेले पैसे, पुरावा असल्यास, जिंकलेल्या पैशांतून वजा करून उरलेली रक्कमच लिहायची. हरलेले जास्त असल्यास ओळीवर शून्य येते. तोटा पगारातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षातही नेता येत नाही.

आपल्या उदाहरणात न्यू जर्सीचे एकूण उत्पन्न ९६,००० झाले. १,००० डॉलरची वैयक्तिक सूट वजा करून ९५,००० वर कर येतो ३,९२५ डॉलर. जिंकले नसते तर तो ३,५४३ आला असता, म्हणजे जॅकपॉटमुळे ३८२ डॉलर वाढले. आता एनजे-सीओजे हा तक्ता उघडावा. त्यात प्रश्न असा: एकूण उत्पन्नापैकी किती हिश्श्यावर दोन्ही राज्यांनी कर घेतला? ९६,००० पैकी ६,०००, म्हणजे सव्वासहा टक्के. न्यू जर्सीच्या ३,९२५ डॉलर कराचे सव्वासहा टक्के होतात २४५. ही क्रेडिटची कमाल मर्यादा. पेनसिल्व्हेनियाला प्रत्यक्ष लागलेला कर १८४. दोहोंतील लहान आकडा घ्यायचा, म्हणजे १८४ डॉलर पूर्ण क्रेडिट मिळाले. न्यू जर्सीला वाढीव द्यायचे ३८२ वजा १८४, म्हणजे १९८. दोन्ही राज्यांचे मिळून ३८२, अर्थात हे पैसे न्यू जर्सीतच जिंकले असते तर लागला असता तेवढाच राज्य कर. दोन ठिकाणी कागद भरावे लागले, पण पैसा दुप्पट गेला नाही.

हे उदाहरण सरळ होते. आता त्यात एक गाठ मारू. समजा बेथलहेमला ६,००० जिंकल्यानंतर त्याच वर्षी आपण अटलांटिक सिटीत ४,००० हरलात. न्यू जर्सीच्या ओळीवर निव्वळ २,००० आले. पेनसिल्व्हेनियाला या तोट्याशी कर्तव्य नाही. तिथला कर १८४ तसाच राहिला. क्रेडिट काढताना मात्र दोन्ही राज्यांत करपात्र ठरलेली रक्कम ६,००० राहत नाही. न्यू जर्सीने स्वतःच फक्त २,००० उत्पन्न धरले आहे, त्यामुळे हिस्सा ९२,००० पैकी २,००० इतकाच होतो आणि क्रेडिट ८० डॉलरवर येते. उरलेल्या १०४ डॉलरना वाली नाही. सॉफ्टवेअर ही दुरुस्ती स्वतःहून करीलच असा भरवसा धरू नये; तक्त्यातील रक्कम आपल्या हाताने तपासावी. वहीत राज्यवार पाने ठेवण्याचा आग्रह यासाठीच होता.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे कापलेल्या रकमेलाच कर समजणे. दुसऱ्या राज्याने जिंकतानाच काही रक्कम कापून घेतली असेल आणि त्या राज्याचा खरा कर तिच्यापेक्षा कमी निघाला, तर क्रेडिट खऱ्या कराचे मिळते, कापलेल्या रकमेचे नाही. जास्तीची रक्कम त्या राज्याचे विवरणपत्र भरून परत मागायची असते. ‘त्यांनी कापले आहे, आता कशाला विवरणपत्र भरायचे’ असा आळस केला, की दोन्हीकडे नुकसान: परतावा बुडतो आणि राहत्या राज्याने दुसऱ्या राज्याच्या विवरणपत्राची प्रत मागितली, तर द्यायला काही नसते. मी स्वतः पहिल्या वर्षी कापलेला आकडा क्रेडिटच्या रकान्यात बिनधास्त उतरवला होता. दीड वर्षाने पत्र आले आणि फरक व्याजासकट भरावा लागला.

उलटा प्रवास: राहणे पेनसिल्व्हेनियात, जिंकणे अटलांटिक सिटीत

वरचेच आकडे उलटे फिरवून पाहावेत. पेनसिल्व्हेनियाचा निवासी, पगार ९०,०००, अटलांटिक सिटीत निव्वळ ६,००० जिंकला. त्याला न्यू जर्सीचे एनजे-१०४०एनआर हे अनिवासी विवरणपत्र भरावे लागेल. न्यू जर्सी अनिवासीचा कर काढताना आधी त्याच्या सगळ्या उत्पन्नावर, जणू तो न्यू जर्सीतच राहतो असे धरून, कर काढते आणि मग न्यू जर्सीच्या उत्पन्नाच्या प्रमाणात त्याचा हिस्सा घेते. त्यामुळे ६,००० वर कर येतो सुमारे २४५ डॉलर. पेनसिल्व्हेनिया शेड्यूल जी-एल भरल्यावर क्रेडिट देते, पण स्वतःच्या ३.०७ टक्के दरापलीकडे नाही, म्हणजे १८४. उरलेले ६१ डॉलर कोणीही परत देत नाही. दोन राज्यांपैकी ज्याचा कर जास्त, तेवढा आपल्याला एकूण लागतो, हे इथे दिसते. राहते राज्य महाग असेल तर फरक त्याला जातो. जिंकलेले राज्य महाग असेल तर तो आपण सोसतो.

लॉटरीचे तिकीट आणि फोनवरची पैज

लॉटरीच्या बाबतीत तिकीट कोणत्या राज्यात विकत घेतले यावर सारे ठरते. न्यू जर्सीच्या लॉटरीत १०,००० डॉलरपर्यंतचे बक्षीस न्यू जर्सीच्या आयकरातून मुक्त आहे; त्यावर गेल्यास संपूर्ण बक्षीस करपात्र होते. ही सूट फक्त न्यू जर्सीच्या लॉटरीसाठी आहे. न्यू जर्सीच्या निवासीने पेनसिल्व्हेनियाच्या पेट्रोल पंपावर घेतलेल्या तिकिटाला ४,००० चे बक्षीस लागले, तर पेनसिल्व्हेनियाचा कर आहेच आणि न्यू जर्सीतही ते उत्पन्न दाखवावे लागते. न्यूयॉर्कच्या लॉटरीत ५,००० डॉलरच्या वरचे बक्षीस अनिवासीलाही तिथे करपात्र असते. रोज रेल्वेने मॅनहॅटनला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

ऑफिसातल्या दहा जणांनी मिळून काढलेल्या तिकिटाची गोष्ट वेगळी आहे. बक्षीस घ्यायला एकच जण गेला आणि सगळी रक्कम त्याच्या नावावर पडली, तर करही त्याच्याच माथी बसतो आणि पुढे मैत्रीची परीक्षा होते. यासाठी ५७५४ क्रमांकाचा अर्ज आहे. तो भरून दिला की प्रत्येकाच्या हिश्श्याचा वेगळा डब्ल्यू-२जी निघतो. हिस्से तिकीट घेतानाच लिहून ठेवावेत.

खेळांवरील पैजा २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर राज्याराज्यांत कायदेशीर झाल्या आणि आता त्या बहुधा फोनवरून लावल्या जातात. इथे पैज लावताना आपण प्रत्यक्ष कुठे उभे होतो, हे राज्य ठरवते. ॲपची कंपनी कुठली किंवा बँकेचे खाते कुठे, याला महत्त्व नाही. डेलावेर नदीच्या पुलाअलीकडे लावलेली पैज न्यू जर्सीची आणि पलीकडे लावलेली पेनसिल्व्हेनियाची. ॲपच्या खात्यातून वर्षाचा व्यवहार उतरवून घेताना तो राज्यवार मिळतो का, ते पाहावे.

इतर राज्यांत काय बदलते

सर्वांत लोकप्रिय दंतकथा लास वेगासची आहे: तिथली कमाई करमुक्त असते. नेवाडात राज्य आयकर नाही हे खरे. टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन, टेनेसी, वायोमिंग, साउथ डकोटा, अलास्का आणि न्यू हॅम्पशायर येथेही अशा कमाईवर राज्य आयकर नाही. पण सवलत राहणाऱ्याला आहे, पाहुण्याला नाही. कॅलिफोर्नियाचा निवासी वेगासला जिंकला, तर कॅलिफोर्निया पूर्ण कर घेते, आणि नेवाडाला काही भरलेलेच नसल्याने क्रेडिट मिळत नाही. याच्या उलट टेक्सासच्या डॅलसमध्ये राहणारा माणूस अटलांटिक सिटीत जिंकला, तर न्यू जर्सीचा कर भरतो आणि क्रेडिट मागायला त्याच्याकडे राहते राज्यच करापुरते नसते.

शिकागोकडील मंडळी हॅमंडच्या कॅसिनोसाठी सीमा ओलांडून इंडियानात जातात. इंडियानाचा २०२५ चा दर ३ टक्के आणि इलिनॉयचा ४.९५ टक्के, इंडियानाचे अनिवासी विवरणपत्र भरून इलिनॉयच्या शेड्यूल सीआरमध्ये क्रेडिट घ्यायचे, बाकी गणित न्यू जर्सीसारखेच. पण इलिनॉय हरलेल्या पैशांची वजावट देत नाही. वर्षभरात १०,००० जिंकून १०,००० हरलेला माणूस, ज्याच्या खिशात काहीच उरले नाही, इलिनॉयला ४९५ डॉलर देतो. कनेक्टिकटच्या निवासींचीही हीच अवस्था आहे. माझ्या मते नव्या राज्यात राहायला गेल्यावर करदर पाहण्याआधी हा नियम पाहावा. हौशी खेळाडूला तोच अधिक महागात पडतो.

क्रेडिटची दिशा काही जोड्यांत उलटी असते. कॅलिफोर्नियाचा निवासी ॲरिझोनात जिंकला, तर क्रेडिट कॅलिफोर्नियाच्या नव्हे, ॲरिझोनाच्या अनिवासी विवरणपत्रात मागावे लागते. ओरेगन आणि व्हर्जिनिया यांच्याशीही कॅलिफोर्नियाची रीत तशीच आहे. आणि मिसिसिपीचा कॅसिनो ३ टक्के कापतो, तो परत मिळत नाही, त्या रकमेपुरते अनिवासी विवरणपत्रही तिथे भरावे लागत नाही.

केंद्राचा हिशेब राज्यापेक्षा वेगळा असतो

न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया यांची उत्पन्नाची व्याख्या स्वतःची आहे, ती केंद्राच्या आकड्यापासून सुरू होत नाही. म्हणून केंद्रीय विवरणपत्रातील आकडा तसाच इकडे उतरवू नये. केंद्राच्या शेड्यूल १ मध्ये जिंकलेली रक्कम हरलेले वजा न करता दाखवायची आणि हरलेले पैसे शेड्यूल ए मध्ये, म्हणजे वजावटी एकेक करून मांडणाऱ्यालाच मिळतात. २०२५ साठी एकट्या व्यक्तीची प्रमाणित वजावट १५,७५० आणि जोडप्याची ३१,५०० डॉलर होती. घराचे कर्ज नसलेले नवे कुटुंब तीच घेते आणि हरलेल्या पैशांचा त्याला केंद्रात काही उपयोग होत नाही. २०२६ च्या करवर्षापासून तर वजावट घेणाऱ्यालाही हरलेल्या रकमेच्या ९० टक्केच धरता येतात: ६,००० जिंकून ६,००० हरल्यास ५,४०० वजा होतात आणि न कमावलेल्या ६०० वर कर लागतो. न्यू जर्सीत मात्र तीच व्यक्ती शून्यच लिहील.

रक्कम मोठी असल्यास एप्रिलची वाट पाहू नये

वर्षअखेरीस केंद्राला १,००० डॉलर किंवा न्यू जर्सीला ४०० डॉलरपेक्षा जास्त देणे निघणार असेल, तर तिमाही आगाऊ कर भरणे अपेक्षित असते. तारखा १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि पुढील वर्षाची १५ जानेवारी. नोकरदाराला यापेक्षा सोपा मार्ग आहे. कंपनीला नवा डब्ल्यू-४ आणि न्यू जर्सीसाठी एनजे-डब्ल्यू४ देऊन उरलेल्या महिन्यांच्या पगारातून थोडी जास्त रक्कम कापून घ्यावी. वर्षाच्या मध्यात राज्य बदलले असल्यास जिंकलेल्या तारखेला आपण कोणत्या राज्याचे निवासी होतो ते पाहून दोन्हीकडे अंशवर्षीय विवरणपत्र भरावे. दोन्ही राज्यांच्या प्रती, भरल्याच्या पावत्या आणि वही किमान चार वर्षे ठेवावी. ज्यांचा ग्रीन कार्डानंतर नागरिकत्वाचा अर्ज व्हायचा आहे, त्यांनी त्याहून अधिक काळ ठेवावी, कारण एन-४०० या अर्जात केंद्र, राज्य आणि स्थानिक कर थकले आहेत का, असे स्पष्ट विचारलेले असते.

विद्यार्थी आणि भेटीला आलेले आई-वडील

आतापर्यंतचे सारे करदृष्ट्या निवासी असलेल्यांसाठी होते. एच-१बीवर वर्षभर राहिलेले लोक बहुधा त्यात येतात. एफ-१ वरचा विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षे सहसा अनिवासी परदेशी गणला जातो, आणि पर्यटक व्हिसावर आलेले आई-वडीलही. त्यांच्या स्लॉटवरील जॅकपॉटमधून ३० टक्के केंद्रीय कर कापला जातो, डब्ल्यू-२जीऐवजी १०४२-एस हा कागद मिळतो, हरलेल्या पैशांची वजावट नसते आणि भारत-अमेरिका करकरारातही जुगारासाठी सूट नाही. ब्लॅकजॅक, बॅकरा, क्रॅप्स, रुलेट आणि बिग-६ चाक या खेळांतील कमाई मात्र अशा अनिवासींना केंद्रीय करातून मुक्त आहे.

बाबांना जॅकपॉट लागला की मुलाने पुढे होऊन आपला सोशल सिक्युरिटी क्रमांक द्यावा, म्हणजे ३० टक्के वाचतील, असा सल्ला देणारे शेजारी प्रत्येक यंत्रापाशी भेटतात. तो ऐकू नये. त्या कागदावरची सही शपथेवरची असते आणि यंत्रावर कोण बसले होते हे कॅमेऱ्यात दिसते. बाबांचाच पासपोर्ट द्यावा आणि भारतातला पत्ता लिहावा. करक्रमांक नसल्यास १०४०-एनआर या केंद्रीय अनिवासी विवरणपत्रासोबत डब्ल्यू-७ हा अर्ज भरून तो मागता येतो. जिंकले त्या राज्याच्या अनिवासी विवरणपत्राची मर्यादाही तपासावी. न्यू जर्सीत ती एकट्या व्यक्तीसाठी १०,००० डॉलर आहे आणि ती मोजताना अमेरिकेबाहेरचे उत्पन्नही धरले जाते, त्यामुळे पेन्शन चांगली असलेले बाबा नकळत तिच्या वर असू शकतात. १०४२-एसची मूळ प्रत त्यांच्यासोबत परत पाठवावी, कारण भारतात निवासी असलेल्या माणसाला ही कमाई तिथल्या विवरणपत्रातही दाखवावी लागते आणि इथे भरलेल्या कराचा दाखला तिथे तोच असतो.